आईच्या वरच्या दाढेची मुळं राहिलीत, कुठे न्यावं?

आई ६४ वर्षांची. वरची डावी दाढ किडून पोखरली होती, दिवाळीत चकली खाताना तुटली. आता हिरडीत नुसती मुळं आहेत. गाल सुजतो, गोळ्यांनी उतरतो, महिन्याभराने पुन्हा तेच. आमचे डॉक्टर म्हणतात, पकडायला काही उरलं नाही, हिरडी उघडून काढावं लागेल, ओरल सर्जनला दाखवा. आईला शुगर आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, वरची दाढ काढली की डोळा जातो. तेव्हापासून ती तयारच नाही. आम्ही ठाण्यात राहतो.

—

मी हेच सीएसएमटीजवळ, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारातल्या सरकारी दंत महाविद्यालयात करून घेतलं. सकाळी लवकर जा, रांग असते. टाळ्यातलं इंजेक्शन खरंच दुखतं, आईंना आधीच सांगा. पुढे फक्त दाब जाणवतो आणि कडकड आवाज येतो. मुळं ड्रिलने सुटी करून एकेक काढली. तीन टाके, आठवड्याने काढले.

—

मी दंतवैद्य आहे. डोळ्याची भीती पहिल्यांदा काढा. दृष्टीची नस वेगळी, दाढेची वेगळी. पू तसाच राहू देणं जास्त धोक्याचं.

खरी काळजी सायनसची, म्हणजे गालाच्या हाडातल्या, नाकाला जोडलेल्या पोकळीची. वरच्या मोठ्या दाढेला बहुतेक वेळा तीन मुळं असतात, दोन गालाकडे, एक टाळ्याकडे, आणि त्यांच्या वरच सायनसची पोकळी. मधलं हाड कधी कधी अगदी पातळ असतं. चुकीचा जोर लागला तर मूळ आत सरकतं. म्हणून आधी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढा. मुळं सायनसला लागून दिसली तर सर्जन सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, सांगतील.

नंतर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. पाणी पिताना नाकातून आलं तर त्याच दिवशी सर्जनला गाठा.

रक्ताची गोळी स्वतःहून बंद करू नका. ती कोणती हे सर्जनला दाखवा, हृदयाच्या डॉक्टरांनाही विचारा. शुगरचा ताजा रिपोर्ट सोबत न्या.

—

मनापासून आभार. डोळ्याचं आईला वाचून दाखवलं. मंगळवारी ओपीजी काढतोय. ती विचारतेय, मिसरी किती दिवस बंद?

—

जखम पूर्ण भरेपर्यंत अजिबात नाही. आणि तेवढे दिवस निघाले तर पुन्हा सुरूच करू नका, काकू.