मदत हवी आहे : उमेदवार रशिया, चीन, बांगलादेशवर जागा बघून बोलतोय की माझाच गैरसमज होतोय?

धोटा_सोलापूर :

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टेरी टॉवेलचे बारा माग आहेत. येत्या शनिवारी कारखानदारांच्या बैठकीला लोकसभेचे एक इच्छुक येणार आहेत आणि प्रश्न विचारायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. नाव आणि पक्ष सांगत नाही, सांगितलं की धागा भलतीकडे जातो.

माणूस बोलायला गोड आहे. माझं अर्धं मत त्यांना पडलंच होतं म्हणा ना. पण पोरानं त्यांच्या जुन्या भाषणांच्या क्लिपा काढून दिल्या आणि मी ज्या वहीत सुताचा भाव लिहितो तिच्या मागच्या पानावर तारखा मांडत बसलो. तिथं घोळ झाला.

२०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटलं तेव्हा चौकातल्या सभेत म्हणाले, 'रशियाचं तेल स्वस्त मिळतंय तर घ्यायचंच, अमेरिकेच्या बापाला भ्यायचं नाही.' टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून रशियन तेलाचा दंड म्हणून आणखी २५ टक्के लावले. आमचा माल ज्या निर्यातदारामार्फत जातो त्याचा फोन आला, 'पुढचा लॉट थांबवा.' पॅकिंग झालेले गठ्ठे भिंतीला लावून ठेवले, वरचे दोन तर पावसाच्या ओलीनं वास मारायला लागले. त्या दिवसांत हेच साहेब आमच्यापुढं म्हणाले, 'तेलापायी एवढी मोठी बाजारपेठ कशाला घालवायची, थोडं नमतं घ्यायला पाहिजे.' तेव्हाही टाळ्या पडल्या. खरं सांगतो, त्यातही माझा हात होता.

दुसरं, चीन. २०२० ला गलवानमध्ये आपले २० जवान गेले तेव्हा यांनी चिनी मोबाइल रस्त्यावर फोडले. पुढं चीनमध्ये डॉक्टरी केलेल्या आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांच्या जयंतीला हार घालून म्हणाले, चीनशी व्यापार वाढला पाहिजे, सोलापूरचं नातं जुनं आहे.

तिसरं, बांगलादेश. डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदी आली तेव्हा बाजार समितीच्या गेटवर बसून सांगत होते की बांगलादेशचं गिऱ्हाईक तोडू नका, शेजारी आहे. आणि २०२५ मध्ये गणवेश शिवणाऱ्यांच्या मेळाव्यात, 'बांगलादेशशी सगळा व्यवहार बंद करा.' सगळा म्हणजे कांदासुद्धा की ओ!

माझा प्रश्न एवढाच. परिस्थिती बदलली म्हणून माणसाचं मत बदललं, की समोरची माणसं बदलली म्हणून? हे ओळखायचं कसं, आणि शनिवारी नेमकं काय विचारू? एकच प्रश्न मिळेल.

कडक_भाकरी :

पाणी पाच दिवसांआड येतंय आणि तुम्ही रशियाचं तेल मोजताय. आधी नळाचं विचारा.

धोटा_सोलापूर :

पाण्याचं दुसरा विचारणारे, वाटून घेतलंय. आणि दादा, ज्याचे गठ्ठे भिंतीला लागले त्याला विचारा रशिया किती लांब आहे ते.

चाटीगल्ली :

काका, तिन्ही गोष्टी एका तागडीत घालू नका.

कोटणीसांचा मुद्दा सोडून द्या. ते १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले ते जपान्यांशी लढणाऱ्यांवर उपचार करायला, आणि १९४२ ला तिकडेच वारले. आजचं चिनी सरकार १९४९ चं. गलवानवर चिडलेल्या माणसानं कोटणीसांना हार घातला यात काही पलटी नाही. त्या हाराआडून व्यापाराचं वाक्य सरकवलं, ते मात्र धरा.

बांगलादेशचं अर्धं खरं असू शकतं. ५ ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधान शेख हसीना सत्तेवरून गेल्या, तिथलं सरकार बदललं. एप्रिल २०२५ ला त्यांनी आपलं सूत जमिनीच्या मार्गानं घ्यायचं बंद केलं, मे महिन्यात आपण त्यांचे तयार कपडे जमिनीच्या मार्गानं येणं थांबवून न्हावा शेवा आणि कोलकाता एवढीच बंदरं ठेवली. मत बदलायला कारण आहे. पण तुमच्या साहेबांनी ते कारण सांगितलं का? क्लिपमध्ये बघा.

धोटा_सोलापूर :

आत्ता परत बघितली. नाही सांगितलं. हसीना, सूत, बंदर, कशाचाच उल्लेख नाही. नुसतं 'बंद करा'.

उजनीचं_पाणी :

मग तुमचं उत्तर तिथंच आहे. मत बदलणं वाईट नसतं, देशही बदलतात. गाझावरच्या ठरावावर २७ ऑक्टोबर २०२३ ला संयुक्त राष्ट्रांत भारत तटस्थ राहिला, १२ डिसेंबरला युद्धबंदीच्या बाजूनं मत दिलं. पण पहिल्या वेळी हमासचा निषेध घालणारी कॅनडाची दुरुस्ती होती, तिला भारतानं मत दिलं होतं, ती पडली. भारताची बाजू नोंदीवर आहे, पटो न पटो, वाचता तरी येते. तुमच्या साहेबांची नोंद म्हणजे टाळ्या.

शनिवारी 'तुम्ही का पलटलात' असं विचारू नका, माणूस चिडतो आणि सभा त्याच्या बाजूला जाते. असं विचारा : 'उद्या रशियन तेलामुळं परत दंड बसला, तर तेल सोडायचं की टॉवेल? आणि हेच उत्तर तुम्ही चौकातल्या सभेत द्याल का?' शेवटचा अर्धा विसरू नका.

कडक_भाकरी :

हा बरा आहे. पण लिहून न्या, माईक हातात आला की तुम्ही टाळ्या वाजवाल.

धोटा_सोलापूर (रविवार) :

विचारलं. चिठ्ठी वाचूनच विचारलं. साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला. मग म्हणाले, '२०२२ ला टॉवेलचा विचार माझ्या डोक्यातच नव्हता, ते माझं चुकलं.' मला वाटलं नव्हतं असं कबूल करतील. पण पुढच्या अर्ध्यावर, म्हणजे चौकात हेच बोलाल का, यावर 'त्या त्या ठिकाणी त्या त्या पद्धतीनं मांडावं लागतं' म्हणाले आणि चहा आला.

आता बुधवारी ते बाजार समितीत कांदेवाल्यांसमोर आहेत. मला त्या दिवशी मागांचे बीम, म्हणजे ताण्याचे रूळ, बदलायचेत, जाता येणार नाही. तिथं कुणी असेल तर बांगलादेशचं काय बोलतात ते पूर्ण रेकॉर्ड करून पाठवा. अर्धवट क्लिप नको, मागचंपुढचं असू द्या.