सराव पाठ जवळ आलेत : वर्गात तंत्रज्ञान वापरायचं, तर सुरुवात कशापासून करू?

नवी_छात्राध्यापिका

नमस्कार मंडळी,

मी शिक्षक-प्रशिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात आहे आणि लवकरच सराव पाठ सुरू होतील. विषय गणित आणि विज्ञान, वर्ग सातवी-आठवी, एका वर्गात चाळीसेक मुलं. शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या पेपरात साधनांची नावं ढिगाने शिकलो, पण तास सुरू झाल्यावर त्यांचं करायचं काय, हे कुणी सांगितलेलं नाही.

परिस्थिती अशी : शाळेत एकच प्रोजेक्टर आहे आणि तो वर्गावर्गांत फिरतो. नेट असतं, पण भरवशाचं नाही. मुलांना फोन आणायची परवानगी नाही. माझ्याकडे लॅपटॉप आणि स्मार्टफोन आहे.

वेळ थोडा आहे, त्यामुळे एक-दोनच साधनं शिकून ती नीट वापरावीत असा विचार आहे. कोणती निवडू? मुलांना विषय खरोखर समजावा अशी फार इच्छा आहे, म्हणून ज्यांनी वर्गात स्वतः वापरलंय त्यांनी जरूर लिहा.

खडू_फळा

ताई, साधनाचं नंतर बघू. आधी हे सांगा की पाठ कोणता घेणार आहात आणि त्यात मुलं नेमकी कुठे अडतात? हे कळल्याशिवाय सुचवलेलं कुठलंही ॲप अंदाजपंचेच ठरेल.

नवी_छात्राध्यापिका

सर, पहिला पाठ विद्युत परिपथाचा आहे. निरीक्षणासाठी वर्गात बसले होते तेव्हा बऱ्याच मुलांच्या बोलण्यात आलं की बल्ब वीज खातो, म्हणून पुढच्या तारेत ती कमी उरते. गणितात त्रिकोणाच्या मध्यगा आणि परिकेंद्र आहे. तिथे मुलं आकृती बरोबर काढतात, पण आपण काय काढलं ते विचारलं की गप्प बसतात.

खडू_फळा

मग अर्धं काम झालंच आहे. बल्बमध्ये धारा संपते ही समजूत फार चिवट असते. व्याख्या घोकून घेतली तरी जात नाही, कारण आपल्या मनात अशी काही समजूत आहे हेच मुलाला माहीत नसतं. ती आधी त्याच्या तोंडून बाहेर काढायची आणि मग तिची परीक्षा घ्यायची. तंत्रज्ञान या दोन्ही ठिकाणी उपयोगी पडतं.

तासाच्या सुरुवातीला फळ्यावर एक घट, एक बल्ब आणि दोन तारा काढा. प्रश्न एकच : घटाकडून बल्बकडे जाणारी तार आणि बल्बकडून परत येणारी तार, यांपैकी कुठल्या तारेत विद्युतधारा जास्त? पर्याय चार. जाणाऱ्या तारेत जास्त, परतीच्या तारेत जास्त, दोन्हींत सारखी, परतीच्या तारेत शून्य.

आता हात वर करायला सांगितलं, तर वर्गातल्या दोन-तीन हुशार मुलांकडे बघून बाकीचे हात वर होतात. त्यासाठी प्लिकर्स हे ॲप वापरा. यात मुलांच्या हातात फक्त छापलेलं कागदी कार्ड असतं. प्रत्येक कार्डावर काळ्या चौकोनी ठिपक्यांची वेगळी आकृती असते आणि चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी लिहिलेलं असतं. ज्या पर्यायावर विश्वास आहे ती बाजू वर करून कार्ड धरायचं. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय निवडलं ते फोनवर दिसतं. प्रत्येकाची आकृती वेगळी असल्यामुळे शेजारच्याचं कार्ड पाहून उत्तर उचलता येत नाही. फोन लागतो तो तुमचाच, आणि नेटही तुमच्या फोनचं पुरतं. कार्डं जाड कागदावर छापा, पण चकचकीत लॅमिनेशन करू नका. त्यावर उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही.

मतदान झालं की लगेच उत्तर सांगू नका आणि कुठल्या पर्यायाला किती मतं पडली तेही दाखवू नका. आकडे दिसले की मुलं बहुमताकडे सरकतात. "तुझ्यापेक्षा वेगळं उत्तर असलेला जवळचा मित्र किंवा मैत्रीण शोध आणि तुझं म्हणणं पटवून दे," एवढंच सांगा. दोन-तीन मिनिटं वर्गात गलका होऊ द्या, मग त्याच प्रश्नावर पुन्हा मतदान घ्या. ही पद्धत हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रुजवली. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असली की चर्चेचा फायदा सगळ्यांत जास्त होतो. त्याहून कमी असतील तर संबोध आधी पुन्हा मांडावा लागतो आणि जास्त असतील तर थोडक्यात आटोपून पुढे जायचं.

दुसऱ्या मतदानानंतर प्रोजेक्टर सुरू करा. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पात विद्युत परिपथ जोडण्याचं सिम्युलेशन आहे. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. सगळं मोफत आहे आणि बरीच सिम्युलेशन्स मराठीतही मिळतात. घरीच डाउनलोड करून ठेवा, मग वर्गात नेट नसलं तरी ब्राउझरमध्ये चालतं. बल्बच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ॲमीटर (धारा मोजणारी उपकरणं) जोडा. दोन्हींवर एकच आकडा दिसला की वर्गात जी चुळबुळ सुरू होते, ती वाया घालवू नका. तिथेच विचारा, "धारा संपत नाही, तर मग घट का संपतो?" या प्रश्नावर मुलं पहिल्यांदा धारा आणि ऊर्जा यांत फरक करू लागतात. घटातली रासायनिक ऊर्जा बल्बमध्ये उष्णता आणि प्रकाश होऊन बाहेर पडते, पण तारेतून फिरणारा प्रभार तितकाच राहतो.

आणि शेवटी खरा घट, खरा बल्ब आणि खरा ॲमीटर टेबलावर असायलाच हवेत. सिम्युलेशनमध्ये इलेक्ट्रॉन टुणटुण पळताना दिसतात, प्रत्यक्ष तारेत मात्र ते सेकंदाला मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाने सरकतात. पडद्यावर दिसतं ते समजण्यासाठी केलेलं चित्र आहे, हे मुलांना सांगा.

भूमिती_प्रेमी

+१. सरांनी विज्ञानाचं इतकं नेमकं लिहिलंय की मी फक्त गणितापुरतं लिहितो.

जिओजेब्रा, म्हणजे पडद्यावर आकृत्या काढायचं आणि हलवायचं सॉफ्टवेअर. दुसरा विचारच नको. मार्कस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्ग विद्यापीठात शिकताना ते बनवायला घेतलं. मोफत आहे आणि लॅपटॉपवर टाकलं की नेटशिवाय चालतं.

मुलं आकृती काढतात पण बोलत नाहीत, याचं कारण मला असं वाटतं की वहीत आकृती एकदाच निघते आणि तिथेच थांबते. जिओजेब्रात त्रिकोण काढा, बाजूंचे लंबदुभाजक काढा, ते जिथे मिळतात त्या परिकेंद्राला ठळक रंग द्या. आता एक शिरोबिंदू ओढायचा आहे, पण लगेच ओढू नका. आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं : "हा कोन वाढवत नेला तर परिकेंद्र कुठे जाईल?" लिहून झालं की हळूहळू ओढा. लघुकोन त्रिकोणात ते आत असतं, काटकोन होताच कर्णाच्या बरोबर मध्यावर येतं आणि कोन विशाल झाला की त्रिकोणाबाहेर पडतं. हे पाहून मुलं उठून पडद्यापाशी येतात. त्याच त्रिकोणाच्या मध्यगा दाखवा. त्या मिळतात तो गुरुत्वमध्य काही केल्या बाहेर पडत नाही. "हा का नाही जात बाहेर?" हे विचारल्यावर मुलं आपण होऊन बोलायला लागतात.

दोन बारीक गोष्टी. मागच्या बाकावरून दिसावं म्हणून रेषा जाड आणि अक्षरं मोठी करून ठेवा, मूळ मापात काहीच दिसत नाही. आणि कोनांची मापं दशांशात दाखवलीत तर बेरीज कधी १७९.९९, कधी १८०.०१ येते. कुणीतरी ती हमखास करून बघतं. आकडे जवळच्या किमतीला आणलेले असतात, हे सांगायची तयारी ठेवा. आसन्न किंमत शिकवायला तो प्रसंग उत्तम आहे.

उत्साही_गुरुजी

कहूट या प्रश्नमंजूषेच्या खेळाचं नाव कसं कुणी घेतलं नाही? वर्गात जान येते. मुलं "पुन्हा घ्या ना" म्हणून मागे लागतात.

खडू_फळा

गुरुजी, आनंद होतो हे मान्य. पण ताईंच्या वर्गात मुलांकडे उपकरणंच नाहीत. शिवाय कहूटमध्ये पटकन उत्तर दिलं की गुण जास्त मिळतात. उजळणीला ते ठीक आहे. मूल नव्या संबोधाशी झगडत असताना मात्र घड्याळ त्याला अंदाज मारायला शिकवतं. सावकाश विचार करणारी मुलं पहिल्या दोन प्रश्नांतच नाद सोडून देतात आणि मला सगळ्यांत जास्त काळजी त्यांचीच वाटते.

उत्साही_गुरुजी

हा मुद्दा पटला. जे वापरतात त्यांच्यासाठी लिहून ठेवतो : प्रश्नाची वेळ वाढवता येते आणि गुण बंदही करता येतात.

विदा_सांभाळा

साधन कुठलंही घ्या, मुलांची पूर्ण नावं कुठेही टाकू नका. हजेरी क्रमांक पुरतो. प्लिकर्समध्ये वर्ग तयार करताना नावाच्या जागी क्रमांकच लिहा. वर्गाचे फोटो ॲपवर चढवू नका, आणि खातं उघडण्याआधी मुख्याध्यापकांना विचारा.

मी उगाच घाबरवत नाही. युनेस्कोचा २०२३ चा जागतिक शिक्षण अहवाल तंत्रज्ञानावरच होता. महामारीच्या काळात मुलांसाठी सुचवलेली १६३ साधनं तपासली, तर त्यांतल्या ८९ टक्के साधनांना मुलांवर पाळत ठेवणं शक्य होतं, अशी नोंद त्यात आहे. मुलांनी आपल्याकडे विश्वासाने बसायचं, तर त्यांच्या माहितीची राखण आपणच करायला हवी.

नवी_छात्राध्यापिका

सगळ्यांचे मनापासून आभार! एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. अजून दोन शंका. एक, प्रेझेंटेशन किती करू? दुसरी, बहुपर्यायी प्रश्न तयार करायला एआयची मदत घेतली तर चालेल का? चुकीचे पर्याय सुचवणं मला फार जड जातं.

रोज_एक_प्रश्न

प्रेझेंटेशनचं मी सांगते. कमी करा. स्लाइडवर परिच्छेद लिहून तोच मोठ्याने वाचला, तर मुलांना ऐकणं आणि वाचणं एकदमच करावं लागतं आणि दोन्ही अर्धवट होतं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी या विषयावर वर्षानुवर्षं प्रयोग केलेत : चित्र आणि बोलणं एकत्र चांगलं चालतं, त्यात तेच शब्द पडद्यावर घातले की शिकणं बहुतेक वेळा घटतं. म्हणून स्लाइडवर आकृती ठेवा, शब्द तुमच्या तोंडून येऊ द्या.

वाचलेला वेळ आठवून लिहिण्याला द्या. यावर मी अगदी ठाम आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि दुसऱ्याने एकदा वाचून तो आठवून लिहिण्याचा सराव केला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना साधारण ६१ टक्के आठवत होतं आणि वाचणाऱ्यांना ४०. म्हणून प्रत्येक तासाच्या सुरुवातीला वह्या मिटून मागच्या आठवड्यातले तीन प्रश्न विचारा. गुण देऊ नका. कार्डं हातात असतीलच, त्यांवरही घेता येतात.

एआयबद्दल : चालेल, पण "दहा प्रश्न दे" असं मागू नका, वरवरचे प्रश्न मिळतात. तुम्ही वर्गात ऐकलेली समजूत त्याला सांगा, "धारा बल्बमध्ये संपते असं मानणारं मूल कोणता पर्याय निवडेल?" असं विचारा. मग पर्याय जमतात. पुढे प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवून बघायचाच. चुकीचं उत्तरही एआय ठाम सुरात देतं आणि दोन पर्याय बरोबर असलेले प्रश्न सर्रास येतात. मुलांनी लिहिलेलं काही त्यात टाकणार असाल तर विदा_सांभाळा यांचा प्रतिसाद पुन्हा वाचा.

भूमिती_प्रेमी

एक राहिलं. फोनचा आणखी एक उपयोग करा. पुस्तकांच्या चळतीवर फोन आडवा ठेवून कॅमेरा खाली वळवा, लॅपटॉपमार्फत प्रोजेक्टरला जोडा, आणि एखाद्या मुलाची वही परवानगी घेऊन पडद्यावर दाखवा. त्याने गणित कसं सोडवलं ते त्यालाच सांगू द्या. नवं ॲप शिकायची गरज नाही आणि उपयोग रोजचा.

नवी_छात्राध्यापिका

हे फारच आवडलं, उद्याच करून बघते.

पाठ टाचण असं लिहिलंय : सुरुवातीला मागच्या पाठावर तीन प्रश्न, मग धारेचा प्रश्न आणि पहिलं मतदान, चर्चा, दुसरं मतदान, फेटवर दोन ॲमीटर, टेबलावर खरा परिपथ, शेवटी "घट का संपतो?" यावर वहीत चार ओळी. गणिताच्या पाठाला फक्त जिओजेब्रा. बाकीचं सध्या बाजूला ठेवते. काही सुटलंय का?

खडू_फळा

छान बसलंय. प्रोजेक्टर आला नाही किंवा वीज गेली तर खऱ्या परिपथावरच दोन्ही जागी ॲमीटर जोडून दाखवा. ॲमीटर एकसर जोडणीतच हवा. तो थेट घटाच्या दोन टोकांना लागला तर खराब होऊ शकतो, म्हणून जोडणी घरी करून बघा. फोनची बॅटरी संपली तर कार्डांऐवजी हात मोजा : आधी सगळ्यांना डोळे मिटायला सांगा, मग एकेका पर्यायाला हात वर.

दोन्ही मतदानांचे आकडे टाचणाला जोडा. निरीक्षकांशी बोलताना पाठ कसा झाला यापेक्षा किती मुलांनी उत्तर बदललं आणि कुठून कुठे बदललं, यावर बोला. दुसऱ्या फेरीनंतरही जी चुकलेली असतील त्यांचे क्रमांक टिपून ठेवा, पुढचा तास त्यांच्यापासून सुरू करा.

आणि प्रोजेक्टरसाठी वर्गातले सगळे दिवे घालवू नका. फक्त पडद्याजवळचा बंद करा. पूर्ण अंधारात तुमच्या कॅमेऱ्याला मागच्या बाकावरची कार्डं वाचता येणार नाहीत.