एल्मपेक्षा आपला वावळ बघा की
प्रिन्स्टन एल्म या अमेरिकन सावलीच्या झाडाच्या जातीला रोगच होत नाही, बी मागवून खारघरला सोसायटीत लावू असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय ते काही पटलं नाही. एक तर ती जात छाट किंवा कलमानेच वाढवतात, बियाच्या रोपात तोच गुण उतरेल याची खात्री नाही, आणि १९२२ साली ती निवडली ती डौलदार आकारासाठी, एल्मची झाडं मारणाऱ्या डच एल्म रोगाच्या बुरशीला पुरून उरते हे नंतर कळलं. तेही तग धरते इतकंच, लागण होतच नाही असं नाही. शिवाय ते थंडीतलं झाड, आपल्या चिकचिकीत काय जीव धरणार.

त्याच कुळातला आपला वावळ कुणी काढलाच नाही! आमच्याकडे घोडबंदरला गेटपाशी एक आहे, पान चुरगळलं की घाण वास येतो, त्यावरून ओळखायचं. सावली मस्त, पण फेब्रुवारीत झाड बोडकं होतं आणि मग उन्हाळ्यात पापडासारख्या चकत्या, म्हणजे त्याच्या बिया, उडत थेट गॅलरीत, एसीच्या जाळीत, वॉचमनच्या चहात. परागकणांची ॲलर्जीही होते काहींना, आमची ही त्या दिवसांत शिंकून बेजार, तेव्हा बेडरूमच्या खिडकीपासून लांबच लावा.