विश्वस्तांच्या हाती असलेल्या रकमेवर जप्ती आणता येते का?

प्रश्न:
पैशांच्या वसुलीचा हुकूमनामा माझ्या बाजूने झाला असून दिवाणी न्यायालयात दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) प्रलंबित आहे. ऋणकोच्या (पैसे देणे असलेल्या पक्षकाराच्या) बँक खात्यात नाममात्र शिल्लक आहे. मात्र त्याच्या दिवंगत वडिलांनी केलेल्या खासगी न्यासातून (ट्रस्टमधून) त्याला दर तिमाहीस उत्पन्न मिळते. बँकेला काढतात तशी गार्निशीची नोटीस (ऋणकोला देणे असलेल्या तिसऱ्या व्यक्तीने ती रक्कम न्यायालयात भरावी, अशी नोटीस) विश्वस्तांना काढता येईल का?

उत्तर:
काढता येईल, परंतु कोणत्या रकमेसाठी, हे न्यासपत्रावर ठरेल. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० हे ऋणकोसाठी दुसऱ्याने विश्वस्त म्हणून धारण केलेल्या मालमत्तेलाही लागू होते; मात्र तिची किंवा तिच्या उत्पन्नाची स्वतःच्या फायद्यासाठी विल्हेवाट लावण्याचा अधिकार ऋणकोला असला पाहिजे. मूळ निधीत पुढील पिढीचा हक्क असेल, तर तेवढ्या हक्काला धक्का लावता येणार नाही. रक्कम द्यावी की नाही हे विश्वस्तांच्या मर्जीवर सोपवलेले असेल, तर त्यांनी ठरवेपर्यंत देणेच उत्पन्न होत नाही, आणि निव्वळ संभाव्य हक्क त्याच कलमाच्या परंतुकाने (अपवाद सांगणाऱ्या भागाने) जप्तीतून वगळलेला आहे.

प्रश्नकर्ता:
खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न त्याला ‘द्यावेच’, असे न्यासपत्रात आहे. मागील तिमाहीची रक्कम मात्र त्याने उचलली आहे.

उत्तर:
मग अर्जाची वेळ फार महत्त्वाची आहे. वेब विरुद्ध स्टेंटन या १८८३ च्या इंग्लंडमधील निवाड्यात ऋणकोला हयातभर न्यासाचे सहामाही उत्पन्न मिळत होते. आधीचा हप्ता देऊन झाला होता आणि पुढचे पैसे विश्वस्तांच्या हाती आले नव्हते, म्हणून धनकोला (पैसे येणे असलेल्या पक्षकाराला) आदेश मिळाला नाही. तो निवाडा आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसला, तरी त्यातील तर्क विश्वस्तांचे वकील पुढे करतील हे गृहीत धरावे. त्यामुळे भाडे किंवा व्याज न्यासाच्या खात्यात जमा झाल्यावर आणि वाटप होण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४६ खाली (ती रक्कम ऋणकोला न देण्याचा) मनाई आदेश घ्यावा व ४६-ए खाली शपथपत्रासह नोटीस मागावी. विश्वस्तांनी देणे नाकारले, तर ४६-सी प्रमाणे तो मुद्दा दाव्यातील मुद्द्यासारखा चालवता येतो. न्यायालयात भरलेली रक्कम ४६-एफ नुसार ऋणकोविरुद्ध वैध फेड ठरते, हे अर्जातच लिहावे. लाभार्थी उद्या आपल्यालाच जबाबदार धरील, ही विश्वस्तांची भीती रास्त असते.

आणखी एक उत्तर:
ऋणकोने स्वतःची स्थावर मालमत्ता नंतर या न्यासात घातली आहे का, हेही पाहावे. धनकोंना चुकवण्याच्या हेतूने तसे केले असल्यास ते हस्तांतरण रद्द करून घेण्यासाठी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५३ उपयोगी पडेल. वडिलांनी दिलेल्या मालमत्तेला ते लागू होणार नाही.