मदत हवी आहे: मलेरिया किटची रेघ वाचणारं ॲप कुठलं?

घणसोली_साइट: साइटवर लेबर कॅम्पमध्ये ताप पसरलाय. मलेरियाची किट आणली, पण रेघ इतकी पुसट की एक म्हणतो ‘आहे’, दुसरा म्हणतो ‘नाही’. फोटोवरून निकाल सांगणारी ॲप असतात म्हणे. मी उतरवलेलं ॲप आमचं किट ओळखतच नाही. चालणारं नाव सांगा. लेक्चर नको.

पोहेवाली: किट कुठलं? फोटो किती वेळाने काढला?

घणसोली_साइट: सी, पीएफ, पीव्ही असं लिहिलंय. जेवण झाल्यावर सगळ्यांचे एकदम काढले.

लॅबवाला_ठाणे: घ्या! बहुतेक किट 15-20 मिनिटांत वाचायची असतात, नेमकी वेळ पाकिटावर बघा. नंतर उगवलेली रेघ धरायची नाही. वेळेत आलेली मात्र कितीही पुसट असली तरी पॉझिटिव्ह. सी, म्हणजे किट नीट चाललं हे दाखवणारी रेघ, नाही उमटली तर किट बाद. आणि ॲपला ज्या किटचे फोटो शिकवलेत तेवढीच ते ओळखतं.

वाशी_कोडर: ऑडेरे या संस्थेचं हेल्थपल्स ॲप बघा, ते फोटोवरून किट वाचतं.

लॅबवाला_ठाणे: ते आरोग्य कार्यक्रमांसाठी आहे हो, मुकादमासाठी नाही.

सानपाडा_७: पपईच्या पानांचा रस द्या. आमच्या साहेबांच्या प्लेटलेट्स दोन दिवसांत वर.

पोहेवाली: साहेबांना डेंग्यू असेल. इथे मलेरिया चाललाय.

सानपाडा_७: ताप तो तापच. नाहीतर क्लोरोक्विन वाटा सगळ्यांना, विषय संपला.

सिस्टर_ऐरोली: काहीही वाटू नका! मलेरियाचे प्रकार आहेत: पीएफ म्हणजे फाल्सिपेरम, पीव्ही म्हणजे व्हायव्हॅक्स. फाल्सिपेरमचं औषध वेगळं. व्हायव्हॅक्सला क्लोरोक्विनसोबत प्रायमाक्विन 14 दिवस लागतं, तेही डॉक्टरांनी ठरवायचं. पुसट रेघवाल्यांपैकी कोणी हल्लीच मलेरियाची औषधं घेतली होती का?

घणसोली_साइट: एकाने, गावी झारखंडला. त्याचा काय संबंध? ॲपचं बोला ना.

सिस्टर_ऐरोली: संबंध आहे. पीएफची रेघ बहुतेक किटमध्ये मलेरियाच्या जंतूच्या एचआरपी-२ या प्रथिनावर येते. माणूस बरा झाला तरी ते काही आठवडे रक्तात राहतं. ॲप फार तर रेघ आहे एवढं सांगेल, जुनी की नवी ते नाही. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात न्या, काचपट्टीवर रक्त घेऊन तपासतात. ताप असेल तर किट निगेटिव्ह आलेल्यांनाही न्या.

ठाणेकर_काका: स्लॅबवर साठवलेलं पाणी आधी उपसा. शहरातला मलेरियाचा डास तिथेच वाढतो.

घणसोली_साइट: पाणी उपसलं तर स्लॅबचं क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं करणं, कोण करणार? बरं, झारखंडवाल्याला आजच पाठवतो. बाकीच्यांना संध्याकाळी सहानंतर नेलं तर घेतात का काचपट्टी?