मदत हवी आहे : कीपॅड मोबाइलमधली रोवणीची गाणी ब्राउझरमध्ये वाजत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. गावच्या वाचनालयासाठी साधी वेबसाइट बनवतोय. बांधीत (भातशेतात) पऱ्हे (भाताची रोपं) लावताना बाया जी गाणी म्हणतात, त्यांची रेकॉर्डिंग तिच्यावर टाकायची आहेत. बहुतेक जुन्या कीपॅड मोबाइलवर केलेली. गाणाऱ्यांपैकी काही आज्या आता राहिल्या नाहीत, म्हणून आहे तोच आवाज जपायचा आहे.

लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये सगळं नीट वाजतं. वेबसाइटवर टाकलं की प्रत्येक फाइलची तऱ्हा वेगळी. जुन्या मोबाइलच्या एएमआर आणि थ्रीजीपी फाइली ना क्रोममध्ये वाजत, ना फायरफॉक्समध्ये. प्लेअर दिसतो, पण वेळ ०:०० वरून हलत नाही. मंडईच्या (आमच्याकडच्या जत्रेच्या) रात्री भाच्याने आयफोनवर काढलेल्या दंडारीच्या (लोकनाट्याच्या) व्हिडिओचा काही कॉम्प्युटरवर नुसता आवाज येतो, पडदा काळा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली गाणी क्रोममध्ये वाजतात, पण जुन्या आयफोनवर नाही. काही एमपी४ व्हिडिओ नुसतेच गोल फिरत राहतात. आमच्याकडे टॉवर कसाबसा पकडतो, त्यामुळे दोष नेटचा की फाइलचा तेही कळत नाही.

गावातल्या एका पोराने एएमआरचं नाव बदलून एमपी३ करून पाहिलं, फरक पडला नाही. सगळीकडे वाजेल असा कोणता प्रकार निवडू? आणि बदलताना आवाज आणखी खराब होईल का, याची मला जास्त काळजी आहे.

प्रतिसाद १

दादा, फार मोलाचं काम करताय. आधी मूळ फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, मग पुढचं.

व्हीएलसी स्वतःचे कोडेक (आवाज-चित्र दाबून साठवायच्या आणि परत उलगडायच्या पद्धती) सोबत घेऊन येतो, ब्राउझरकडे मोजकेच असतात. फाइलच्या नावाचं शेपूट बदललं तरी आतला कोडेक तोच राहतो, म्हणून त्या पोराची युक्ती चालली नाही. एएमआर हा फोनवरच्या बोलण्यासाठी केलेला कोडेक. साध्या एएमआरमध्ये सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने आणि जास्तीत जास्त १२.२ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), इतकंच. त्यात जे टिपलं गेलं नाही ते आता येणार नाही, पण आहे ते जवळपास तसंच राहील. एफएफएमपेग या फाइली बदलणाऱ्या मोफत प्रोग्रॅमने मोनो (एका चॅनेलचा) एमपी३ करा, ६४ केबीपीएस पुरे. एमपी३ सगळ्या ब्राउझरमध्ये वाजतो. व्हॉट्सअ‍ॅपचे आवाज ऑग डब्यातल्या (फाइलच्या वेष्टनातल्या) ओपस कोडेकचे असतात आणि जुनी सफारी ऑग उघडत नाही. त्यांचंही एमपी३च करा.

दंडारीचे व्हिडिओ बहुधा एचईव्हीसी या व्हिडिओ कोडेकमध्ये आहेत, तो सगळ्या कॉम्प्युटरवर चालत नाही. आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, तसे रेकॉर्ड करू शकतो. ते एच.२६४ (चित्राचा कोडेक) आणि एएसी (आवाजाचा) असलेल्या एमपी४मध्ये बदला. भाच्याकडून मूळ फाइल मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली नको.

गोल फिरणाऱ्या एमपी४ची अनुक्रमणिका (आत काय कुठे आहे त्याची यादी) बहुधा फाइलच्या शेवटी आहे. ती हाती येईपर्यंत ब्राउझरला चित्र सुरू करता येत नाही. एफएफएमपेगचा फास्टस्टार्ट पर्याय ती पुढे आणतो, चित्र पुन्हा एन्कोड करावं लागत नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार, भाऊ. एका आजीचं गाणं एमपी३ करून टाकलं, गावातल्या साध्या मोबाइलवरही वाजलं. तिच्या नातीने शेजारपाजारच्या बायांना बोलावून ऐकवलं. पण दंडारीचा एक व्हिडिओ एच.२६४ करूनही फायरफॉक्स म्हणतो, चालणारा फॉरमॅट आणि माइम टाइप सापडला नाही. तीच फाइल डाउनलोड करून उघडली की चालते. आता होस्टिंगवाल्याला काय सांगू?

प्रतिसाद २

सर्व्हर त्या फाइलची ओळख, म्हणजे माइम टाइप, चुकीची देत असणार. एमपी४ची ओळख 'व्हिडिओ/एमपी४' आणि एमपी३ची 'ऑडिओ/एमपेग' अशी जायला हवी, एवढं त्याला सांगा. रेंज रिक्वेस्ट (फाइलचा हवा तेवढाच तुकडा मागायची सोय) चालू आहे का तेही विचारा. ती नसली तर आयफोनच्या सफारीत व्हिडिओ अडतो. आणि प्लेअरच्या कोडमध्ये प्रीलोड (फाइल आधीच उतरवून घेणं) 'नन' म्हणजे बंद ठेवा, म्हणजे पान उघडल्याबरोबर लोकांचा डेटा खर्च होणार नाही.