मदत हवी आहे: जाड मखमली लोकरीचं पांघरूण, मऊ पण हलकं, कोणत्या विणीत करू?

नमस्कार मंडळी,

आईसाठी क्रोशाचं पांघरूण करायचं आहे. ती निफाडला राहते. थंडीत तिकडे पारा दहाच्या खाली उतरतो आणि सकाळी पेपर वाचत खुर्चीत बसली की तिचे गुडघे आखडतात. रजई तिला जड होते, शाल सारखी घसरते. मांडीपासून पावलांपर्यंत नीट बसेल असं काहीतरी हवं आहे. माप १०० बाय १३० सेंटिमीटर धरलं आहे.

लोकर शेनीलची घेतली आहे, म्हणजे ती मखमलीसारखी पॉलिएस्टरची, १०० ग्रॅमचे गुंडे. लेबलवर ८ मिमीची सुई लिहिली आहे. सध्या दोनच गुंडे आणलेत. क्रोशाच्या टाक्यांपैकी मला साखळी, मुका खांब (बुटका टाका), अर्धा खांब आणि खांब (उंच टाका) येतात, त्यापुढचं फारसं नाही. नुसत्या मुक्या खांबांचा नमुना पायपुसण्यासारखा ताठ झाला. नुसत्या खांबांचा मऊ झाला, पण फटी इतक्या मोठ्या की आईची जोडवी त्यात अडकणार.

आईची नजर आता अधू झाली आहे, त्यामुळे रंगसंगतीपेक्षा हाताला छान लागणारी वीण हवी. व्हिडिओंमध्ये बॉबल आणि वॉफल विणी दिसतात, त्या या लोकरीत कराव्यात का? आणि एकूण लोकर किती लागेल? नंतर त्याच छटेचे गुंडे मिळाले नाहीत तर पंचाईत होईल.

लोकरवेडी यांचं उत्तर

ताई, बॉबल आणि वॉफल दोन्ही इथे नकोत. वॉफलमध्ये खालच्या ओळीतल्या खांबाला पुढून वेढा घालून विणतात, म्हणून कापड दुपदरी होतं, लोकर भरपूर खातं आणि जड होतं. बॉबलचे उंचवटे बांगड्यांना अडकतात.

एक मुका खांब, एक खांब, एक मुका खांब, एक खांब, अशी ओळ विणा. पुढच्या ओळीत मुक्या खांबावर खांब घाला आणि खांबावर मुका खांब. लेमन पील नावाने शोधलंत तर भरपूर व्हिडिओ मिळतील. बुटका आणि उंच टाका शेजारी आले की हाताला बारीक दाणे लागतात आणि फटी मोठ्या राहत नाहीत. तुम्हाला येणाऱ्या टाक्यांपलीकडे त्यात काहीच नाही.

टाके सम संख्येत ठेवा. मग प्रत्येक ओळीची सुरुवात मुक्या खांबाने आणि शेवट खांबाने होतो, काही लक्षात ठेवावं लागत नाही. काम उलटवल्यावर एक साखळी घ्या, ती टाका म्हणून मोजू नका, आणि पहिला मुका खांब अगदी पहिल्याच टाक्यात घाला. दोन्ही कडा सरळ राहतील.

आता मऊपणाचं. लेबलवरचा सुईचा आकडा ही फक्त सुरुवात असते. ताठपणा बहुतेक वेळा लहान सुईमुळेच येतो. १० मिमीची सुई घेऊन २० सेंटिमीटर चौरस नमुना विणा, मुठीत चुरगाळा आणि सोडा. लगेच सैल पडला तर सुई बरोबर आहे. तो नमुना उसवू नका, हिशोबाला लागेल.

धागादोरा

वरचं सगळं पटलं. शेनीलबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण ही लोकर साध्या ॲक्रिलिकसारखी वागत नाही. तिच्या पोटात दोन बारीक दोरे पिळलेले असतात आणि त्या पिळात मऊ तंतू धरून ठेवलेले असतात. सारखं उसवलंत तर तंतू गळतात आणि दोरा बोडका दिसायला लागतो. म्हणून विणीचा सराव साध्या लोकरीवर करून घ्या.

दुसरं म्हणजे यात टाके डोळ्यांना दिसत नाहीत. ओळीच्या वरच्या कडेवरून डाव्या हाताची तर्जनी फिरवा, प्रत्येक टाक्याचा फुगवटा आणि मधली खाच बोटाला कळते. सुई त्या खाचेत घालायची. दर दहा टाक्यांवर आणि ओळीच्या पहिल्या व शेवटच्या टाक्यावर सेफ्टी पिन लावा. कडेचा एखादा टाका सुटला की पांघरूण हळूहळू त्रिकोणी होत जातं आणि ते फार उशिरा दिसतं.

मूळ प्रश्नकर्ती

दोघींचे मनापासून आभार! १० मिमीच्या सुईने नमुना केला, अगदी हवा तसा झाला आहे. २० बाय २० सेंटिमीटर, वजन ४२ ग्रॅम. दहा सेंटिमीटरमध्ये आठ टाके बसतात. आता लोकरीचा हिशोब कसा मांडू?

काकू_विणतात

क्षेत्रफळावरून मांड. नमुना ४०० चौरस सेंटिमीटरचा. तुझं पांघरूण १३,०००, म्हणजे साडेबत्तीस पट. ४२ ने गुणलंस की १,३६५ ग्रॅम. जवळजवळ चौदाशे ग्रॅम वजन बसल्या जागी आईच्या गुडघ्यांवर राहील. मला ते जास्त वाटतं. खुर्चीसाठी ९० बाय ११० पुरतं. ते ९,९०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १,०४० ग्रॅम. अकरा गुंडे त्यात गेले, काठाला आणि हाताशी असावा म्हणून आणखी एक. एकूण बारा. दोन तुझ्याकडे आहेत, तर दहा आण.

जाताना जुन्या गुंड्याचं लेबल सोबत ने आणि लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या गुंड्यांचा क्रमांक) जुळवून घे. रंगाचा नंबर तोच असला तरी लॉट बदलला की छटा बदलू शकते. तो लॉट संपला असेल तर जुने दोन गुंडे मध्ये कुठेही न घालता दोन्ही टोकांना पट्ट्यासारखे वापर, मुद्दाम केल्यासारखं दिसेल.

९० सेंटिमीटरला ७२ टाके. ७३ साखळ्या घाल आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब. तुझा हात घट्ट असेल तर साखळीपुरती १२ मिमीची सुई घे, नाहीतर खालची कड आवळते आणि वरचं सगळं पंख्यासारखं पसरतं.

गुंडा संपला की १५ सेंटिमीटर शेपूट सोड. ते टाक्यांमधून एकदा पुढे, मग उलट मागे ओवून घे आणि त्याच रंगाच्या शिवणाच्या दोऱ्याने दोन-तीन टाके मार. शेनीलची टोकं नुसती ओवली तर धुण्यात बाहेर येतात.

मूळ प्रश्नकर्ती

काकू, ९० बाय ११० नक्की केलं. वजनाचा विचार माझ्या मनातच आला नव्हता. शेवटचे दोन प्रश्न: काठ काय करू आणि आई हे मशीनमध्ये धुऊ शकेल का?

काकू_विणतात

चारही बाजूंनी मुक्या खांबांची एकच फेरी, कोपऱ्याच्या टाक्यात तीन मुके खांब. ओळींच्या बाजूला टाके अंदाजाने घालावे लागतात. काठ आवळला तर टाके वाढव, लहरी आल्या तर कमी कर. गोंडे लावू नकोस, आई उठताना पायात येतील.

धुण्याचं आधी लेबलवर बघ. मशीन चालत असेल तर जाळीच्या पिशवीत, गार पाण्यात, हलक्या फेऱ्यांवर. दोरीवर टांगू नकोस, ओल्या वजनाने लांबतं. चटईवर सावलीत पसरायचं. इस्त्री अजिबात नाही, पॉलिएस्टरची मखमल कायमची बसते.